पत्ता कोणाचा, आणि कधीचा?

प्रस्तावना

हे पुस्तक नेटवर्क स्विचच्या दोनच दुखण्यांबद्दल आहे. जोडलेल्या यंत्रांना किंवा खुद्द स्विचला आयपी पत्ता धड न मिळणं हे पहिलं आणि स्विचचं घड्याळ बरोबर नसणं हे दुसरं. पहिल्याची बोंब लगेच होते. सकाळी साडेनऊला "नेट नाही" म्हणून फोन येतो, दहाला दुसऱ्या मजल्यावरून माणूस येतो आणि साडेदहाला साहेब स्वतः रॅकसमोर उभे असतात. दुसऱ्याची तक्रार घेऊन कोणीच येत नाही. स्विचचं घड्याळ वर्षभर चुकीचं चाललं तरी बिलं निघतात, मेल जातात, कॅमेरे दिसतात. म्हणून नव्याने नोकरीला लागलेली मुलं पत्ते वाटणारं डीएचसीपी झटून शिकतात आणि घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीची ओळ कुठल्या तरी जुन्या कॉन्फिगरेशनमधून उचलून डकवतात.

ही दोन दुखणी वेगळी धरायची नाहीत, एवढंच या पुस्तकाचं म्हणणं आहे. डीएचसीपीने दिलेला पत्ता मुदतीचा असतो. १९२.१६८.२०.५७ हा पत्ता आज दुपारी हिशेब खात्यातल्या लॅपटॉपकडे असेल, पुढच्या आठवड्यात एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलकडे. "हा पत्ता कोणाचा?" या प्रश्नाला "कधी?" जोडल्याशिवाय उत्तरच नसतं. म्हणजे पत्त्यांचा हिशेब घड्याळाच्या भरवशावर उभा असतो. आणि घड्याळ जुळवून घ्यायचं तर स्विचला आधी स्वतःचा पत्ता आणि बाहेर जायची वाट लागते. एकाचा दोष दुसऱ्याच्या नावाने समोर येतो तो यामुळेच.

दोन्हींच्या मागच्या नियमांचा उगमही एकाच महिन्यातला आहे. इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी मालिकेत प्रसिद्ध होतात, तिच्यात सप्टेंबर १९८५ मध्ये ९५१ क्रमांकावर बूटपी आलं आणि ९५८ क्रमांकावर एनटीपी. बूटपी बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांचं, एनटीपी डेव्हिड मिल्स यांचं. डिस्क नसलेला संगणक सुरू होताना त्याला त्याचा पत्ता आणि उचलायच्या फाइलचं नाव सांगणं हे बूटपीचं काम. पण कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा, हे तक्त्यात आधी हाताने भरून ठेवावं लागे, आणि एकदा दिलेला पत्ता परत घ्यायची सोय नव्हती. मुदतीची कल्पना १९९३ साली डीएचसीपीने आणली. आज आपण वापरतो ते त्याचं रूप मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ मधलं, बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेलं. आत सांगाडा मात्र बूटपीचाच राहिला. पोर्ट तेच, सर्व्हरचा ६७ आणि मागणाऱ्याचा ६८. रिलेची पद्धतही तीच. म्हणून आजच्या स्विचच्या आउटपुटमध्ये मधूनच 'बूटपी' हा शब्द दिसला तर दचकायचं कारण नाही.

मिल्स पुढे डेलावेअर विद्यापीठात शिकवत राहिले आणि एनटीपीवर काम करत राहिले. २०१० साली त्याची चौथी आवृत्ती आरएफसी ५९०५ म्हणून आली. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले.

पुस्तकभर एक भेद वाचकाने हाताशी ठेवावा. स्विचमधून जाणारी वाहतूक वेगळी आणि स्विचची स्वतःची वाहतूक वेगळी. लेअर दोनच्या स्विचला लोकांची पॅकेट्स पुढे ढकलायला स्वतःचा आयपी पत्ता लागत नाही. तो मॅक पत्ते बघून काम करतो. त्याचा मॅनेजमेंट पत्ता चुकला, डीफॉल्ट गेटवे लिहायचा राहिला, तरी चाळीस टेबलांवरची चाळीस माणसं मजेत काम करत असतात. पण वेळ विचारायची तर स्विचला स्वतःला पॅकेट पाठवावं लागतं. त्या क्षणी तोही इतर यंत्रांसारखाच एक सामान्य यंत्र असतो. त्याला पत्ता हवा, मास्क हवा, गेटवे हवा आणि वाटेतल्या फायरवॉलने त्या पत्त्यावरून येणारं यूडीपी १२३ सोडायला हवं. "सगळ्यांचं नेट चालू आहे, मग स्विचचं घड्याळ का जुळत नाही?" हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. सगळ्यांचं नेट चालू असणं हा स्विचच्या स्वतःच्या वाटेचा पुरावा होत नाही, हे त्याचं उत्तर.

स्विचचा मॅनेजमेंट पत्ताच डीएचसीपीवर ठेवला असेल तर आणखी एक गुंता होतो. कधीतरी मुदत संपते, स्विचला वेगळा पत्ता मिळतो आणि फायरवॉलमध्ये परवानगी जुन्या पत्त्याला राहते. स्विचवर लॉग इन करता येतं, लोकांची कामं चालू असतात. बंद पडलेलं असतं ते फक्त वेळ विचारणं. साध्या स्फटिकाचं घड्याळ दहा लाखांत पन्नासाने चुकत असेल तर दिवसाला सव्वाचार सेकंद आणि महिन्याला दोन मिनिटांहून थोडं जास्त सरकतं. इतक्या हळू सरकणारी गोष्ट कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

आता पत्त्यांच्या दोषांकडे. डीएचसीपीचे निरोप चार: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. "डीएचसीपी चालू आहे का?" हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारू देत नाही. चारांपैकी कितवा निरोप कुठल्या पोर्टवर अडला, हे विचारायचं. यंत्राने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतला असेल तर त्याला कोणाकडूनही उत्तर मिळालं नाही एवढंच सिद्ध होतं. सर्व्हर मेला आहे असा त्याचा अर्थ नाही. तुमची मालिका १० ने सुरू होणारी असताना यंत्राला १९२.१६८.१ मधला पत्ता मिळाला असेल तर उलट प्रकार आहे: उत्तर मिळालं, पण भलत्याने दिलं. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये ऑफिसची केबल खोचलेली असते. अशा वेळी सर्व्हरच्या खोलीत जाऊन उपयोग नाही. त्या यंत्रावर गेटवेचा मॅक पत्ता बघायचा आणि स्विचच्या मॅक तक्त्यातून त्याचा पोर्ट गाठायचा.

डिस्कव्हर निघतो ०.०.०.० वरून आणि जातो २५५.२५५.२५५.२५५ कडे, म्हणजे व्हीलॅनमधल्या सगळ्यांकडे. पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असेल किंवा ट्रंकवर तो व्हीलॅन सोडलेला नसेल तर तो तिथेच संपतो. पोर्टफास्ट लावलेलं नसेल तर जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट पंधरा आणि पंधरा मिळून तीस सेकंद गप्प राहतो. दिवा हिरवा होण्याआधीच यंत्राचे पहिले प्रयत्न वाया जातात. मग "रीस्टार्ट केलं की चालत नाही, थोड्या वेळाने पुन्हा पत्ता मागितला की चालतं" अशा गूढ तक्रारी येतात. त्यात गूढ काही नाही, तीस सेकंदांचा हिशेब आहे.

सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर मधला रिले तो निरोप उचलतो, आपल्या त्या व्हीलॅनमधल्या इंटरफेसचा पत्ता त्यात लिहितो आणि थेट सर्व्हरकडे धाडतो. कोणत्या पूलमधून पत्ता द्यायचा, हे सर्व्हर या लिहिलेल्या पत्त्यावरून ठरवतो आणि उत्तरही त्याच पत्त्याकडे पाठवतो. नवा व्हीलॅन काढताना सर्व्हरकडून त्याच्याकडे परतीचा रूट टाकायला विसरलं की जाणारा निरोप पोचतो आणि येणारा हरवतो. सर्व्हरचा लॉग म्हणतो ऑफर दिली. यंत्र म्हणतं काही मिळालं नाही. दोघंही खरं बोलत असतात.

डीएचसीपी स्नूपिंगमुळेही हीच तक्रार उभी राहते. भलत्या राउटरला आवरायला स्नूपिंग उत्तम आहे. सर्व पोर्ट संशयित धरायचे आणि ऑफर फक्त विश्वासू पोर्टवरून येऊ द्यायची, असा त्याचा नियम. ते चालू करताना अपलिंकला विश्वासू ठरवायचं राहिलं की स्विच खऱ्या सर्व्हरचीच ऑफर टाकून देतो. त्याहून चिवट प्रकार ८२ क्रमांकाच्या ऑप्शनचा. स्नूपिंग करणारा स्विच निरोपात हा ऑप्शन भरतो, पण रिलेच्या पत्त्याची जागा शून्यच ठेवतो. वरचा सिस्कोचा रिले असं पॅकेट मुळातच संशयास्पद मानून फेकतो. दोन्ही स्विच आपापल्या नियमाने बरोबर वागतात आणि पत्ता मात्र मिळत नाही. या एका प्रकाराला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कारण यात कॉन्फिगरेशन कितीही वेळा वाचलं तरी चूक दिसत नाही. दोन जागी पॅकेट पकडून शेजारी ठेवली तरच दिसते.

पूल रिकामा होणं हा त्या मानाने सरळ दोष आहे. चोवीस बिटांच्या मास्कमध्ये २५४ पत्ते मावतात. विंडोज सर्व्हर सवयीने आठ दिवसांची मुदत देतो. पाहुण्यांच्या वायफायवर रोज नवी पन्नास माणसं येत असतील तर आठवडा भरायच्या आत पत्ते संपतात. इथे उपाय मुदत कमी करण्याचा आहे, मालिका वाढवण्याचा नंतरचा.

घड्याळाच्या बाबतीत सगळ्यात आधी लॉगची एक ओळ वाचायला शिकावी. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेले सिस्कोचे अनेक जुने कॅटलिस्ट स्विच वीज आली की १ मार्च १९९३ च्या मध्यरात्रीपासून वेळ मोजायला लागतात. त्यामुळे लॉगमध्ये १ मार्च, ००:०४:१७ असं दिसलं तर त्याचा अर्थ स्विच सुरू होऊन चार मिनिटं झाली आणि त्याला अजून वेळ कळलेली नाही. ओळीच्या अगदी सुरुवातीला एक फुली असते, तारकेसारखी. ही वेळ भरवशाची नाही, असं स्विच तिथे स्वतः कबूल करत असतो. तारकेऐवजी टिंब असेल तर घड्याळ एकदा लागलं होतं, पण आता एनटीपीशी जुळलेलं नाही. काहीच नसेल तर वेळ ग्राह्य. एका अक्षराची ही खूण हजार ओळींच्या लॉगची किंमत ठरवते, आणि लॉग दुसऱ्या सर्व्हरवर साठवताना नेमकी तीच कापली गेलेली मी बघितली आहे.

दुसरी वाचायची जागा म्हणजे एनटीपीच्या संबंधांचा तक्ता. त्यातला 'रीच' हा स्तंभ अष्टमान पद्धतीत असतो आणि शेवटच्या आठ प्रयत्नांचा हिशेब सांगतो. ३७७ म्हणजे आठही वेळा उत्तर आलं, ३७६ म्हणजे फक्त शेवटचं चुकलं, ० म्हणजे एकही आलं नाही. शून्य असेल तर घड्याळाचा विचार सोडा. तो वाटेचा दोष आहे आणि पुन्हा पत्ता, गेटवे, फायरवॉल याच ठिकाणी जायचं आहे. ३७७ असूनही स्विच जुळत नसेल तर वाट ठीक आहे, समोरचा सर्व्हर नापसंत आहे. सिस्कोचा तपशीलवार तक्ता अशा सर्व्हरपुढे 'इन्सेन' असा शेराच मारतो. विंडोजच्या डोमेन कंट्रोलरकडून वेळ घ्यायला सांगितलेल्या स्विचवर हा शेरा पुष्कळदा दिसतो. त्या सर्व्हरने सांगितलेली स्वतःची अनिश्चितताच इतकी मोठी असते की स्विच त्याला मानत नाही.

या कामात घाई नडते. सुरुवातीला स्विच दर ६४ सेकंदांनी विचारतो. आठ प्रयत्न भरायला साडेआठ मिनिटं लागतात. तिसऱ्या मिनिटाला कंटाळून सर्व्हरची ओळ काढून पुन्हा टाकली की मोजणी शून्यापासून सुरू होते. असं करत राहिलं तर घड्याळ कधीच जुळणार नाही, आणि दोष मात्र फर्मवेअरवर जाईल. दोन स्विचच्या लॉगमधला फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर एनटीपीकडे बघायचीच गरज नाही. एनटीपी फक्त यूटीसी जाणतं. एका स्विचवर टाइमझोन लिहायचा राहिला आहे. आणि स्वतःचंच घड्याळ प्रमाण मानून इतरांना वेळ वाटायला एखाद्या स्विचला सांगून ठेवलं असेल तर इमारतीतली सगळी घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळतात, फक्त खऱ्या वेळेशी जुळत नाहीत. हा दोष आतून दिसत नाही. हातातल्या मोबाइलवरची वेळ बघावी लागते.

आता दोन्ही दुखणी एकत्र येतात ती जागा. स्नूपिंग करणारा स्विच एक तक्ता ठेवतो: कोणत्या मॅकला, कोणता पत्ता, कोणत्या पोर्टवर, कधीपर्यंत. रीस्टार्टनंतर तो हरवू नये म्हणून तो फाइलमध्ये उतरवता येतो. सिस्कोच्या स्विचवर एनटीपी लावलेलं असेल तर घड्याळ जुळलेलं असेपर्यंतच नव्या नोंदी या फाइलमध्ये जातात. कारण सरळ आहे: वेळच खरी नसेल तर मुदतीची नोंद काय कामाची? समजा, फायरवॉलमधल्या बदलामुळे तीन आठवड्यांपासून घड्याळ जुळत नाही. कोणाला खबर नाही. मग वीज जाते, स्विच रीस्टार्ट होतो आणि तीन आठवड्यांपूर्वीची फाइल वाचतो. स्विचला थेट जोडलेल्या संगणकांची लिंक तुटून पुन्हा लागते, ते पत्ता पुन्हा मागतात, त्यांची नोंद होते. पण मधल्या एखाद्या छोट्या साध्या स्विचला यूपीएस असेल तर त्यामागचे प्रिंटर आणि कॅमेरे यांना लिंक तुटल्याचं कळतच नाही. त्यांच्याकडे पत्ता असतो, मुदत शिल्लक असते, निम्मी मुदत उलटेपर्यंत ते पुन्हा मागणार नसतात. तक्त्यात नोंद नाही म्हणून एआरपी तपासणारा स्विच त्यांची पॅकेट्स टाकून देतो. तक्रार येते "दोन प्रिंटर बंद". मूळ कारण तीन आठवड्यांपूर्वी यूडीपी १२३ अडवणारी ओळ. प्रिंटरपासून तिथपर्यंतचा माग कसा काढायचा, ते शेवटच्या भागात टप्प्याटप्प्याने दाखवलं आहे.

या विषयातली दोन मोठी उदाहरणं जगाने पाहिली आहेत. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या एनटीपी सर्व्हरवर पॅकेटांचा लोंढा आला. हल्ला कोणी केला नव्हता. नेटगियरच्या घरगुती राउटरांच्या आतच या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता आणि उत्तर मिळालं नाही की ते दर सेकंदाला विचारत. लोंढा अडवला की उत्तर बंद, आणि उत्तर बंद की लोंढा वाढलेला. दुसरं १९ नोव्हेंबर २०१२ चं. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे वेळ देणारे सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते आणि त्यांच्यावर डोळे मिटून विसंबलेली कित्येक नेटवर्क बारा वर्षं मागे गेली. पहिल्यातून शिकायचं ते पत्ता यंत्रात कोरून न ठेवण्याचं, दुसऱ्यातून एकाच सर्व्हरवर न विसंबण्याचं. दोन सर्व्हरही पुरत नाहीत. दोघांचं पटलं नाही तर खरा कोण हे ठरवायला तिसरा लागतो, आणि त्यांतला एखादा बंद असण्याची शक्यता धरून चौथा.

भारतात हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवणारे आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या सर्व्हरशी, जुळवायची आहेत. लॉग १८० दिवस जपायचे आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. दिल्लीतली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा म्हणजे भारतीय प्रमाणवेळ जिथे राखली जाते ती जागा. या निर्देशांची पूर्तता म्हणून लॉग साठवणारी आणि स्विचची वेळ न बघणारी ऑफिसं मी पाहतो, तेव्हा १८० दिवस १ मार्च १९९३ जपून ठेवून काय साधणार, असं वाटतं.

पुस्तकाची रचना दोषशोधाच्या क्रमानेच ठेवली आहे. पहिल्या भागात तार, पोर्ट, व्हीलॅन, ट्रंक. दुसऱ्यात डीएचसीपीचे चार निरोप, रिले आणि स्नूपिंग. तिसऱ्यात एनटीपी. चौथ्यात दोन्हींची गुंतवळ. आयपीव्ही सहा आणि कारखान्यांत लागणारं पीटीपी मुद्दाम बाहेर ठेवलं. त्यांना स्वतंत्र जागा हवी. उदाहरणांत सिस्कोची भाषा जास्त आहे, कारण शिकणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा बहुधा तीच पडते. इतर कंपन्यांच्या कमांड वेगळ्या असतात, निरोप मात्र तेच. म्हणून प्रत्येक प्रकरणात कमांडआधी पॅकेट काय करतं ते सांगितलं आहे. शक्य असेल तिथे जुना स्विच आणि दोन लॅपटॉप घेऊन दोष स्वतः घडवून बघा: अपलिंकचा विश्वास काढा, गेटवे पुसा, टाइमझोन चुकवा, आणि लक्षणं लिहून ठेवा.

वाचून झाल्यावर आपल्या नेटवर्कची परीक्षा घ्यायला उपकरण लागत नाही. कालच्या फायरवॉल लॉगमधला कोणताही एक आतला पत्ता आणि त्याची वेळ निवडा. त्या मिनिटाला तो पत्ता कोणत्या मॅककडे होता हे डीएचसीपी सर्व्हरच्या नोंदीतून, आणि तो मॅक कोणत्या पोर्टवर होता हे स्विचच्या नोंदीतून काढा. तिन्ही ठिकाणच्या वेळा जुळल्या आणि बोट एका पोर्टवर टेकलं तर तुमचं नेटवर्क धड आहे. जुळल्या नाहीत तर धागा कुठे तुटला ते पाहा आणि पुस्तकाच्या त्या भागापासून वाचायला घ्या. पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही.